बिरदेवाचे वारूळ

त्या पितळी डबीचे झाकण उघडले आणि महिपतीच्या तोंडाला पाणी सुटले. किळस त्यामागून आली. ती मागून आली, आधी आली नाही, हेच त्याला पुढे दिवसभर सलत राहिले. बारामतीतल्या त्याच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, दुपारचे ऊन उंबऱ्याशी येऊन थबकले होते. खुर्चीवर हिवतापाच्या मोहिमेचे वरिष्ठ अधिकारी मोहनराव बसले होते. पुण्याहून तपासणीसाठी आले होते आणि चहाला म्हणून त्यांनी महिपतीच्या घरी पायधूळ झाडली होती. खाली, भिंतीला पाठ टेकून, महिपतीची आई सारजा बसली होती. ती इंदापूरच्या माळावरच्या वस्तीतून सकाळच्या यष्टीने, न कळवता, आली होती. मुलाच्या घरी साहेब बसला आहे म्हणून आत जाऊन बसावे, हे तिला सुचले नाही. साहेब असला तरी तो घरी आलेला पाहुणा, आणि पाहुण्यापासून काय लपवायचे? तिने ओच्यातून डबी काढली, पदराने पुसली आणि सुनेला हाक मारून सर्वांसमक्ष उघडली. आत ओल्या मातीच्या गादीवर वाळवीची राणी पडली होती. माणसाच्या अंगठ्याएवढी, दुधाळ, ताणलेल्या कातडीची. आणि झोपलेल्या तान्ह्याचे पोट जसे सावकाश वरखाली होते तसे तिचे सारे अंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हलत होते.

"हे काय आणलंत आजी?" मोहनरावांनी मान पुढे काढली.

"राणी हाय, सायेब. वारुळातली. नातवाला मुडदूस झालाय न्हवं, पाय धरंना झालाय त्यो. गुळात गुंडाळून जित्ती गिळाया द्यायची. हाडात बळ येतंय."

मोहनराव खुर्चीत मागे रेलून हसले. "वा, महिपतराव! सरकार तुम्हाला पगार देतं किडे मारायला, आणि तुमच्या घरात ते पक्वान्न!"

महिपतीही हसला. साहेबांपेक्षा जरा मोठ्याने हसला. ते हसू आपल्याच कंठातून निघाले याचे त्याला आश्चर्य वाटले. जणू दुसऱ्या कोणी त्याच्या गळ्यात हात घालून ते बाहेर ओढले होते. दाराआड उभ्या असलेल्या रतनने, त्याच्या पत्नीने, कडेवरच्या मुलाचे तोंड आपल्या खांद्याकडे वळवले. पोराचे पाय वाळल्या शेंगांसारखे तिच्या कमरेवर लोंबत होते. सारजालाही हसू आले, कारण सगळेच हसत होते, आणि घरात हसू आहे म्हणजे सगळे बरे आहे असा तिचा समज होता.

"हसतोय बगा कसा! आन् ह्येनं सोताच खाल्लीया की. ल्हान हुता, लई वाळला हुता. ह्येच्या बानं दिली, तर आनिक दे म्हनून भुईवर लोळला हुता. व्हय का न्हाय रं म्हैपती?"

त्या क्षणी महिपतीच्या जिभेवर ती चव उमटली. इतकी वर्षे ती कुठे दडून बसली होती कोण जाणे! प्रथम गुळाचा खडबडीत गोडवा, मग दातांखाली एक तलम पापुद्रा फुटणे, आणि मग तोंडभर पसरणारे कोमट, स्निग्ध, काहीसे ओल्या बदामासारखे काहीतरी. बापाने गिळ म्हणून सांगितले होते, चावू नको म्हणून बजावले होते. पण तो चावला होता, आणि त्या चावण्यात त्याला सुख झाले होते. बापाच्या हाताला मेंढरांच्या लोकरीचा वास होता. त्या वासासकट ती चव आता बारामतीच्या या खोलीत, साहेबांच्या बुटांच्या पॉलिशच्या वासात येऊन मिसळली. त्याने लाळ गिळली. साहेबांनी ते पाहिले असेल का? गळ्याची गाठ वरखाली झालेली लोकांना दिसते. माणूस खोटे बोलतो तेव्हा दिसते, आणि भुकेला असतो तेव्हाही दिसते. ती गाठ लपवण्यासाठी काहीतरी बोलणे त्याला अवश्य वाटू लागले, आणि बोलायला तोंड उघडले तेव्हा जे बाहेर पडले ते त्याने आधी योजलेले नव्हते.

"आई, ती डबी बंद कर," तो म्हणाला. वस्तीवर तो तिला 'आये' म्हणे. या खोलीत 'आई' म्हणत असे. "त्या माळावर आम्ही औषध मारलं आहे. गेल्या महिन्यातच. वारुळांतसुद्धा उतरलं असेल. विष आहे ते."

सारजाचे हसू लगेच गेले नाही. ओल्या मातीत उमटलेल्या पावलासारखे ते तोंडावर तसेच राहिले, मात्र त्यातला माणूस निघून गेला. "समद्या वारुळात?"

"सगळ्या."

"बिरदेवाच्या बी?"

"विषाला देव कळतो का आई?" असे म्हणून त्याने मोहनरावांकडे पाहिले. ते कपबशीत पाहत होते.

"आन् एकाद्या ल्हान पोरानं खाल्ली आसंल तर?" सारजाने विचारले. आवाज अगदी खाली गेला होता.

हा प्रश्न तिने का विचारला असेल, याचा विचार करण्याइतकी सवड त्याच्या मनाला नव्हती. आपले म्हणणे साहेबांना शास्त्रीय वाटावे एवढीच त्याची ओढ होती. "मोठ्या माणसाला कदाचित निभावेल," तो म्हणाला. "लहान मूल दगावायचं."

सारजाने झाकण लावले. झाकण नीट बसेना. तिने ते दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवले. त्या बोटांच्या पेरांवर बारीक, लालसर चिरा होत्या, त्याही त्याने पाहिल्या. पाहिल्या, आणि मनाच्या अडगळीत टाकून दिल्या. ती भिंतीचा आधार घेऊन उठली आणि आत गेली. आईला राग आला, असे त्याने मानले; आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्याला हायसे वाटले. रागावलेल्या आईची समजूत संध्याकाळी घालता येते.

मोहनरावांना पोचवायला तो विश्रामगृहापर्यंत गेला. विश्रामगृहाच्या फाटकाशी त्यांनी पानाची पिंक टाकली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बरी युक्ती काढलीत," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आपला फवारा घरांच्या भिंती सोडून माळावर कधी गेलाय? पण तुम्ही असं काही ठासून सांगितलंत की क्षणभर मलाच खरं वाटलं." आणि ते प्रसन्न मुद्रेने आत गेले.

महिपती रस्त्यात उभा राहिला. त्याचे खोटे उघडे पडले असते तर कदाचित तो वाचला असता. ते वाखाणले गेले. कालव्याकाठच्या गावांतून तो पंपवाली माणसे घेऊन हिंडत असे. घराघरांतून भिंतींवर पांढऱ्या औषधाचा फवारा मारवून घेई, आणि पाठ वळताच बायका त्या भिंती शेणाने सारवून टाकत तेव्हा त्यांना ओरडत असे. त्या बायका त्याला अडाणी वाटत. पण त्यांनी निदान त्याच्या तोंडावर खोटे सांगितले नव्हते. एक जण तर म्हणाली होती, "सायेब, भिताड पांढरं दिसतंय, मर्तिकाच्या घरागत. म्हनून सारवलं." तिचे त्याला हसू आले होते. आता मोहनरावांच्या हाताचे वजन खांद्यावर तसेच होते, आणि अंगावर काहीतरी चिकटले आहे असे वाटून तो तो खांदा पुन्हा पुन्हा झटकत घरी आला.

घरात आई नव्हती.

"मागच्या दारानं गेल्या," रतन म्हणाली. "मी म्हटलं, जेवून जा. तर म्हणाल्या, इंदापूरची गाडी कुठं लागतीया तेवढं सांग. डबी मोरीत रिकामी केली, वर राख टाकली, हात घासघासून धुतले." ती थांबली. मूल तिच्या कडेवर पेंगत होते. "अहो, त्या सारख्या एकच म्हणत होत्या. दोन निघाल्या, दोन निघाल्या. एक काल भागूवन्संच्या पोरीला दिली म्हणे."

मोरीत राखेखाली माती होती. महिपतीने राख पायाने सारली. माती पिवळी होती. आपल्या माळाची माती तांबूस, मुरमाड. ती अशी पिवळी कशी होईल, असे त्याला वाटले. माळावर एकच वारूळ पिवळे होते. पिढ्यानुपिढ्या धनगरांनी भंडारा उधळून उधळून ज्याचा कण न् कण हळदीचा झाला होता, ते बिरदेवाचे वारूळ.

इंदापूरची गाडी सुटून गेली होती. पुढची लागली तेव्हा खिडकीशी जागा मिळूनही त्याला बाहेरचे काही दिसले नाही. काटेवाडीची हिरवी शिवारे मागे गेली, उसाच्या गाड्यांची रांग मागे गेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज खिडकीतून आत येऊन गेला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते वारूळ उभे होते. लहानपणी ते त्याच्या डोक्याहून उंच होते. ज्या जीवांना दृष्टी नाही, ज्यांना ऊन सोसत नाही, त्यांनी अंधारात कण कण लाळेने सांधून उभारलेले ते शिखर. त्याचे कर्ते कोणाला दिसत नाहीत आणि ते कोणासाठी उभारतात हेही कोणाला माहीत नाही. पुढे पाठशाळेत शास्त्रीबुवांनी त्याला वल्मीक हा शब्द शिकवला आणि ऋषींच्या अंगावर वल्मीक कसे वाढते ते सांगितले, तेव्हा त्याला आपल्या आईचा चेहरा आठवला होता. कारण त्या वारुळापुढे ती अशीच निश्चळ बसत असे. तिथे कोणी थुंकायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, पोरांनी आडोशाला म्हणून त्या अंगाला जायचे नाही. एकदा त्याने काठीने त्याची एक कड उकरली. सारजाने त्याला मारले नाही. पण त्या दिवशी ती जेवली नाही. आणि आई जेवली नाही म्हणून तोही जेवला नाही, आणि रात्री दोघे उपाशीपोटी एका घोंगडीत निजले. बापाने त्याच्यासाठी राणी आणली ती ओढ्यापलीकडच्या एका बेवारस वारुळातून. ते वारूळ आता नव्हते; तिथून कालव्याची चारी गेली होती. माळ नांगरला गेला होता, बांध सरळ झाले होते, आणि सगळी वारुळे सपाट झाली होती. देवाचे तेवढे उरले होते. म्हणजे आईला दुसरा मार्गच नव्हता. तिला नातवाचे पाय हवे होते, आणि त्या पायांचे बळ फक्त देवाच्या घरात शिल्लक राहिले होते. ती कुदळ घेऊन गेली असेल काय? नाही, कुदळ तिने त्या घराला लावली नसती. तिने ते हातांनी फोडले असेल. राणीभोवतीच्या राखणदार वाळव्यांनी तिच्या बोटांना डंख मारले असतील, आणि ती ते सोसत, पुटपुटत, क्षमा मागत आत आत हात घालीत गेली असेल. त्या चिरा त्याने पाहिल्या होत्या! पाहून तो काय म्हणाला? विषाला देव कळतो का आई?

शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला सुपारी पुढे केली. "कुनाकडं निगालासा, पावनं?" त्याने विचारले.

"आईकडं," महिपती म्हणाला. आणि या साध्या उत्तराने त्याला रडू कोसळेल की काय असे वाटले. त्याने सुपारी घेतली नाही. आपल्या तोंडात आता काही जावे असे त्याला वाटत नव्हते. पण त्याच तोंडात, गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर, ती जुनी चव परत परत येत होती. आई तिकडे जिवाच्या आकांताने धावत असेल आणि इथे आपल्या जिभेला गुळाची आठवण येते आहे! देहाला लाज नसते, ती सगळी मनालाच वाहावी लागते, असे काहीसे त्याला वाटले. पण ते त्याला फार नीटनेटके वाटले आणि त्याने तो विचार सोडून दिला. निमगाव गेले. ऊन उतरणीला लागले. भागू त्याची बहीण, त्याच वस्तीवर दिलेली; तिची पोर त्याच्या मुलाहून थोडी मोठी होती. ती मात्र चालत होती, लुटूलुटू धावत होती. तिला कशाला दिली? मग त्याला कळले. आई म्हणाली असेल, एका नातवंडाला द्यायचं आन् दुसरीला न्हाय, आसं कसं? लेकाचं त्ये माझं, मंग लेकीचं कुनाचं? देवाने दोन दिल्या त्या दोघांसाठीच.

वस्तीच्या वाटेवर तो धावला. माळावरून धावताना त्याच्या पायांतले बूट लागत होते. त्याने ते काढले नाहीत.

अंगणात माणसे नव्हती, आवाज होते. भागूचा नवरा कुंडलिक गाडीला बैल जुंपत होता आणि जुंपता जुंपता ओरडत होता. ओट्यावर भागू डोके धरून बसली होती. सारजा खाली मातीत बसली होती. तिच्या मांडीवर ती पोर होती, केस ओले, ओठ पांढरे, आणि समोर मिठाच्या पाण्याचा तांब्या. ओकून ओकून पोरीच्या अंगात त्राण राहिले नव्हते. आजीने पुन्हा तांब्या ओठांशी नेला तसे तिने मान फिरवली आणि क्षीण आवाजात म्हटले, "नगं आजे, नगं."

"पी माजी बाय. येवडंच. येवडंच पी."

"आता पाजून काय हुतंय?" कुंडलिक ओरडला. "काल राती आंग कडत हुतं पोरीचं, तवाच वळखाया पायजे हुतं! म्हातारे, तुज्या देवानं माजी लेक नेली तर त्या वारुळात तुला जित्ती पुरीन मी. सांगून ठेवतो!"

"पूर," सारजा म्हणाली. "पूर बाबा. पर आदी डाक्टराकडं ने."

महिपती अंगणात येऊन उभा राहिला. धापेमुळे त्याला बोलता येईना. सर्वांनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात एकच गोष्ट होती: हा जाणता आला. आता हा सांगेल.

"विष नाही," तो म्हणाला. "तिला काही झालेलं नाही. विष नाही त्यात."

कुंडलिकच्या हातातले जोते सुटले. भागूने तोंडात पदर कोंबला. सारजा मात्र हलली नाही. तांब्या तसाच हातात धरून तिने वर पाहिले. "तपासलंस?"

आता हो म्हणणे किती सोपे होते. पण तिच्या हातांवरच्या चिरा आता इतक्या जवळ होत्या की त्याला दुसरीकडे पाहता येईना. तो तिच्यापुढे मातीत बसला आणि त्याने आवाज खाली आणला. "तपासायचं काय, आये," तो म्हणाला. "माळावर औषध मारलंच नव्हतं. मारतच न्हाईत. म्या साहेबाम्होरं…"

सारजाचा हात त्याच्या तोंडावर पडला. मिठाचा, ओकारीचा, मातीचा वास असलेला तो हात त्याच्या ओठांवर घट्ट बसला. "गप," ती म्हणाली. इतके हळू म्हणाली की ते फक्त त्यालाच ऐकू गेले. "जावई हाय तितं."

तिने त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग असता तर त्याने तो डोक्यावर घेतला असता. त्यात दुसरेच काही होते. उघड्यावर कोणी आपले माणूस नेसूचे सोडून उभे राहिले तर बाई जशी आधी धावून त्याच्यावर वस्त्र टाकते, आणि मग तोंड फिरवते, तशी ती दृष्टी होती. मग तिने हात काढला आणि आवाज चढवला.

"ऐकलं का जावईबापू? इख न्हाय म्हंतोय माजा लेक! त्यो फवारा दुसऱ्या माळावर मारल्याला. कागूद बगितला, चूक कळली, तसा सायबाला सोडून पळत सुटला. बगा, जेवला बी नसंल."

सारजाने आयुष्यात खोटे बोलल्याचे महिपतीला स्मरत नव्हते. ते तिला इतके सहज साधले याचे त्याला भय वाटले.

कुंडलिकने बैल सोडले. तो जवळ आला, डोक्याचे पागोटे काढून त्याने त्यात तोंड पुसले आणि ओशाळून म्हणाला, "आत्याबाई, जिबंला हाड नसतंय, मनावर घिऊ नगा." मग महिपतीकडे वळला. "पावनं, तुमी आलासा म्हनून. न्हायतर आमी हितं पोरीला पानी पाजून पाजूनच मारलं असतं की. सरकारी मानूस खरा, पर रगताला जागला." त्याने ओट्यावर घोंगडी अंथरली, हाताने झटकली, आणि पाहुण्याला बसवावे तसे महिपतीला तिच्यावर बसवले. भागूने पाण्याचा तांब्या आणला. तिने भावाच्या पायांतले बूट आपल्या हातांनी काढले. तो नको म्हणाला तरी काढले. पोर आजीच्या मांडीवर झोपली होती. तिचे पोट सावकाश वरखाली होत होते.

सगळे त्याच्याशी बोलत होते. सारजा तेवढी बोलत नव्हती. ती पोरीच्या केसांतले पाणी पदराने टिपत राहिली.

दिवेलागणीच्या आधी भागूने ताटलीत भंडारा घेतला, वाती घेतल्या. तो रविवार होता, देवाचा वार. "आये, तू जा की," महिपती म्हणाला. काहीतरी बोलायला हवे म्हणून म्हणाला. "तू नेहमी जातेस."

भागूने त्याच्याकडे नवलाने पाहिले. "दादा, इसारलास व्हय आपली रीत? तिनं फोडलं न्हवं त्ये. ज्या हातानं देवाचं घर फोडलं त्या हातानं त्याला भंडारा न्हाय चालत. मरूस्तवर न्हाय." तिने ताटलीवर पदर धरला. "तिला म्हाईत हुतं. आमाला इचारलं बी न्हाय. उटली आन् गेली."

महिपती उठला. आपण काय करतो आहोत हे त्याला या वेळी नीट कळत होते. त्या दिवसातली ती पहिलीच गोष्ट होती जी त्याने योजून केली. तो अनवाणी खाली उतरला आणि त्याने भागूपुढे दोन्ही हात पसरले. "दे. आज मी वाहतो. तिच्या वाटचं मी वाहत जाईन."

भागूने ताटली पुढे केली. ती त्याच्या बोटांना लागलीही.

"म्हैपती," सारजा म्हणाली. इतक्या वेळात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. तिने मान वर केली नव्हती. झोपलेल्या पोरीला जाग येईल म्हणून आवाजही चढवला नव्हता. "तू नगं जाऊ."

भागू थांबली. का, असे कोणी विचारले नाही. कुंडलिक म्हणाला, "व्हय, पावनं दमल्यात, बसा तुमी," आणि त्याने घोंगडीची सुरकुती पुन्हा एकदा हाताने सारखी केली. भागू ताटली घेऊन माळाकडे निघाली. महिपती तिच्याकडे पाहत राहिला नाही. तो वळला, ओट्यावर चढला, आणि त्याच्यासाठी अंथरलेल्या घोंगडीवर, पाहुण्याच्या जागी, जाऊन बसला.